कऱ्हाड आणि कर्‍हाड

आज आधी एक कोडं. खाली एकाच गावाचं नाव दोनदा लिहिलं आहे. दोन्ही नीट निरखून बघा आणि त्यांत काय फरक आहे ते सांगा.

कऱ्हाड
कर्‍हाड

काय, सापडला का फरक? नाही? मग घरातलं भिंग आणा, आजोबांचा चष्मा लावून बघा, हवं तर अंक उलटा धरून बघा. फरक सापडायचा नाही, कारण डोळ्यांना दिसेल असा फरक त्यात नाहीच. आमच्या चिपळुणातून कुंभार्ली घाट चढून, पाटणवरून पुढे गेलं की जे गाव लागतं, तेच हे. (काही जण ‘कराड’ लिहितात, ते सध्या बाजूला ठेवू.) तुम्ही म्हणाल, मग यात कोडं कसलं? कोडं असं, की हे दोन शब्द मी संगणकात टाइप केले आणि ‘हे दोन्ही सारखे आहेत का रे बाबा?’ असं त्याला विचारलं, तेव्हा तो ठामपणे म्हणाला, ‘नाही!’

संगणक बिघडलेला नव्हता, बरं का. त्याच्या बाजूने त्याचं अगदी बरोबर होतं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर त्याच्या पोटात अक्षरं कशी राहतात ते आधी बघायला हवं.

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देऊन ठेवला आहे. या क्रमांकांच्या मोठ्या कोष्टकाला ‘युनिकोड’ म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक आले आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ह’चा २३६१, काना २३६६. आपल्या गावाचं नाव घ्या. ‘चिपळूण’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो. संगणकाला तो सहा आकड्यांची माळ म्हणून दिसतो: २३३०, २३६७, २३४६, २३५५, २३७०, २३३९. म्हणजे च, मग पहिली वेलांटी, मग प, ळ, दुसरा उकार आणि ण. अशा माळेलाच प्रोग्रॅम लिहिणारे ‘स्ट्रिंग’ म्हणतात. दोन शब्द सारखे आहेत का, हे बघताना संगणक दोन माळा शेजारी शेजारी धरतो आणि मणी मोजत जातो. पहिला मणी सारखा, दुसरा सारखा, तिसरा सारखा… एक जरी मणी वेगळा निघाला, की संपलं. ‘सारखे नाहीत!’

मणी मोजण्याच्याही आधी एक खाचखळगा असतो. तुमच्यापैकी जे कुणी जावा किंवा सी भाषा शिकत असतील, त्यांनी इकडे लक्ष द्या. समजा, तुमच्याकडे आणि तुमच्या बाकावरच्या मित्राकडे इतिहासाचं एकच पुस्तक आहे. आता मी विचारलं, ‘तुमची पुस्तकं एकच आहेत का?’ तर काय सांगाल? आतला मजकूर शब्दन् शब्द तोच, म्हणून ‘हो’ म्हणाल? की प्रती दोन आहेत, एक तुमच्या दप्तरात आणि एक त्याच्या, म्हणून ‘नाही’ म्हणाल? दोन्ही उत्तरं बरोबर, कारण प्रश्नच दोन आहेत. जावामध्ये दोन स्ट्रिंगांच्या मधे दोन बरोबर चिन्हं (==) टाकली, तर तो दुसरा प्रश्न विचारला जातो: ही संगणकाच्या स्मृतीतल्या एकाच जागी ठेवलेली एकच प्रत आहे का? मजकूर सारखा आहे का, हे विचारायचं असेल तर तिथे ‘इक्वल्स’ वापरावं लागतं, आणि सी भाषेत ‘स्ट्रकम्प’. या स्ट्रकम्पची तऱ्हा तर आणखीच न्यारी. दोन्ही शब्द सारखे असले, की ते उत्तर देतं शून्य! म्हणजे फरक शून्य. पायथनमध्ये मात्र == हे चिन्ह मजकूरच ताडून बघतं.

जावामधली खरी फसगत पुढेच आहे. प्रोग्रॅममध्येच लिहिलेले दोन सारखे शब्द जावा काटकसर म्हणून एकाच जागी ठेवते. त्यामुळे वर्गात करून बघताना == वापरूनही उत्तर ‘हो’ येतं आणि आपण खूश होतो. पुढे तोच शब्द कुणी कळफलकावरून टाइप केला, की तो नव्या जागी जाऊन बसतो आणि उत्तर येतं ‘नाही’. म्हणून मी मुलांना नेहमी सांगतो, की एकदा बरोबर उत्तर आलं म्हणजे प्रश्न बरोबर विचारला होता असं समजू नका.

मी मुलांना सांगतो म्हटलं खरं, पण ही मुलं कोण ते सांगायचं राहिलंच. मी चिपळुणात राहतो आणि रविवारी सकाळी आळीतल्या मुलांना पायथन शिकवतो. पाच-सहा मुलं, दोन जुने लॅपटॉप आणि मधल्या सुट्टीत पोहे, असा आमचा वर्ग. त्यात आठवीतली एक मुलगी आहे. लहान मुलं तिला ताई म्हणतात, तेव्हा आपणही ताईच म्हणू. तिचं आडनाव काही मी इथे सांगत नाही, पण त्यात कऱ्हाडसारखाच ‘ऱ्ह’ आहे. पुढची सगळी गंमत त्या ‘ऱ्ह’ने केली. ताईला मात्र ती गंमत वाटली नाही.

झालं असं, की ताईने एका परीक्षेचा अर्ज भरला होता. वर्षभर अभ्यास केला होता. परीक्षेच्या आधी मुलांच्या नावांची आणि बैठक क्रमांकांची एक लांबलचक यादी संगणकावर आली. ती अर्जांच्या क्रमाने लावलेली होती, म्हणून ‘शोधा’च्या चौकटीत आपलं नाव टाकायचं आणि क्रमांक बघायचा, अशी सोय होती. ताईने नाव टाकलं. उत्तर आलं, ‘नाव सापडले नाही.’ तिने पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. वडिलांच्या फोनवरून बघितलं, तरी तेच. तक्रार करायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. ताईची आई म्हणाली, “राहू दे गो बाय, अर्ज पोचला नसेल. पुढच्या वर्षी बस.” ताई काही बोलली नाही. फक्त अर्ज भरल्याची पावती घेऊन माझ्याकडे आली आणि ओटीवर बसून राहिली.

आमच्या वर्गातला सर्वांत लहान गडी सहावीतला. त्याला शोधा-बिधा काही माहीत नाही. त्याने यादी उघडली आणि पान नि पान डोळ्यांनी बघायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने तो ओरडला, “काका, हे बघा की! आहे नाव!”

खरंच होतं. ताईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं नीट, एकही चूक नाही. डोळ्यांना दिसत होतं आणि शोधाला सापडत नव्हतं. मग ताईनेच एक डोकं लढवलं. यादीतलं स्वतःचं आडनाव तिने कॉपी केलं आणि शोधाच्या चौकटीत चिकटवलं. लगेच सापडलं! पुन्हा हाताने टाइप केलं. नाही सापडलं! आता वर्गाला चेव आला. पोहे गार झाले तरी कुणाचं लक्ष नाही.

पायथनमध्ये ‘ऑर्ड’ नावाचं एक फंक्शन आहे. त्याला एक अक्षर द्यायचं, की ते त्याचा युनिकोड क्रमांक सांगतं. ताईने दोन्ही आडनावांचे क्रमांक काढून वहीत एकाखाली एक लिहिले. मी तुम्हांला तेच ‘कऱ्हाड’वर करून दाखवतो. ताईने टाइप केल्यासारखं लिहिलं, तर माळ अशी होते:

२३२५, २३५३, २३८१, २३६१, २३६६, २३३७.

म्हणजे क, मग नुक्तावाला ऱ, मग पाय मोडायचं चिन्ह, ह, काना, ड. आणि यादीतल्या पद्धतीने लिहिलं, तर अशी:

२३२५, २३५२, २३८१, ८२०५, २३६१, २३६६, २३३७.

बघितलंत? पहिलीत सहा मणी, दुसरीत सात. पहिलीत ऱ आहे, दुसरीत साधा र (२३५२). आणि मधेच हा ८२०५ कोण उपटसुंभ? देवनागरीच्या वाड्यात तर एवढा मोठा क्रमांक कुणाचाच नाही!

या पाहुण्याचं नाव ‘झिरो विड्थ जॉइनर’, म्हणजे शून्य रुंदीचा जोडणारा. तो कागदावर दिसत नाही, जागा व्यापत नाही, पण शेजारच्या अक्षरांनी कोणतं रूप घ्यायचं ते सुचवतो. आपल्याकडे र पुढच्या अक्षराला दोन प्रकारे जोडतात. ‘सूर्य’मधला रफार वर जाऊन बसतो, आणि ‘सुऱ्या’मधला आडवा, पापणीसारखा दिसतो. हा पापणीसारखा र मराठीला फार लागतो. दुसऱ्या, वाऱ्यावर, पायऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, किती शब्द सांगू! युनिकोडच्या जुन्या आवृत्तीत तो लिहायची रीत होती साधा र, मोडका पाय आणि हा अदृश्य पाहुणा. पुढे ‘ऱ’ वापरायची रीत ठरली. पण जुन्या रीतीने लिहिलेला मजकूर टाकून थोडाच द्यायचा? म्हणून दोन्ही रीती चालू राहिल्या. आणि तिसरीही आहे. साधा र (२३५२) लिहून त्याखाली वेगळा नुक्ता (२३६४) द्यायचा. एकच पापणी, तीन प्रकारचे मणी. तुमच्या कळफलकाने त्यातला कोणता प्रकार निवडला, ते तुम्हांला कळतही नाही.

आता यावर इलाज काय? मुलांना मी पायथनमधल्या ‘युनिकोडडेटा’ची ओळख करून दिली. त्यात ‘नॉर्मलाइज’ नावाचं फंक्शन आहे. एकच अक्षर दोन रीतींनी लिहिता येत असेल, तर ते दोन्हींना एका रीतीत आणतं. बाजारात कुणी शंभराची नोट देतो, कुणी दहाच्या दहा देतो. गल्ल्यात मोजायच्या आधी सगळे पैसे एकाच नाण्यांत करून घ्यावेत, तसं. साधा र आणि वेगळा नुक्ता दिला, तर एनएफसी नावाच्या पद्धतीत त्याचा एकसंध ऱ (२३५३) होतो. म्हणजे पहिली आणि तिसरी रीत जुळली.

ताईने मोठ्या आशेने दोन्ही आडनावं नॉर्मलाइज केली आणि मधे == टाकलं. उत्तर? ‘नाही!’ कारण यादीत होती ती दुसरी रीत, पाहुण्याची. नॉर्मलाइज त्या पाहुण्याला हात लावत नाही. त्याचं काम फक्त युनिकोडने ‘हे दोन समान’ असं जाहीर केलेल्या जोड्यांपुरतं. ही जोडी त्या जाहीरनाम्यात नाही.

तेव्हा नववीतला एक मुलगा म्हणाला, “त्यात काय! तो ८२०५ दिसतच नाही ना? मग काढून टाकू या सगळीकडून.” ऐकायला सोपं वाटतं, आणि पुष्कळ ठिकाणी पुष्कळ लोक तसं करतातही. मी म्हटलं, “कर. पण ताईच्या आडनावावर नको. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ एवढे शब्द त्या जुन्या रीतीने लिही आणि त्यातून काढ.” त्याने काढलं. पडद्यावर आलं, ‘सह्याद्रीच्या दर्या’.

मुलं खो खो हसली. दऱ्या गेल्या आणि तिथे दर्या आला! आमच्या चिपळुणाच्या उगवतीला घाटाच्या दऱ्या आहेत आणि मावळतीला, वाशिष्ठी जिथे पोचते तिथे, दर्या आहे. दोन्हींच्या मधे अख्खा तालुका. एक मणी काढला आणि तालुका पुसला गेला. असंच लग्नघरी ‘आचाऱ्यांना बोलवा’ असा निरोप पाठवावा आणि पाहुणा काढून टाकल्यामुळे ‘आचार्यांना बोलवा’ असा पोचावा. मग जेवण राहिलं बाजूला, बसा व्याख्यान ऐकत! दिसत नाही ती वस्तू निरुपयोगीच असते, असं नसतं. त्या पाहुण्यानेच तर पापणी धरून ठेवली होती.

मग योग्य इलाज कोणता? काढायचं नाही, बदलायचं. जिथे जिथे साधा र, मोडका पाय आणि ८२०५ हे तीन ओळीने येतील, तिथे तिथे त्यांच्या जागी ‘ऱ’ आणि मोडका पाय हे दोन बसवायचे. ते झालं, की मग नॉर्मलाइज करायचं, आणि मग ताडून बघायचं. ताईने तीन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. या वेळी उत्तर आलं, ‘हो!’

ताई उठून घरी पळणार, एवढ्यात थांबली. “काका,” ती म्हणाली, “अशी आणखी कुणाची नावं असतील?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. आम्ही अख्खी यादी त्या प्रोग्रॅममधून काढली. पापणीवाल्या आडनावांची आणखीही मुलं निघाली, कुठल्या कुठल्या गावांची. त्यांच्याही घरी ‘नाव सापडले नाही’ असंच दिसलं असणार. त्यांच्यातल्या कुणाच्या आईनेही ‘राहू दे’ म्हटलं असेल. आम्ही परीक्षेच्या कार्यालयाला त्याच रात्री पत्र लिहिलं. ताईच्या नावाबरोबर त्या सगळ्यांचे बैठक क्रमांक दिले आणि दोन्ही माळांचे आकडेही लिहिले. दोन दिवसांनी शोधाची चौकट दुरुस्त झाली. ताईच्या आईने त्या रविवारी पोह्यांवर जास्तीचं खोबरं घालून दिलं.

आता तुम्ही म्हणाल, पापणी सोडली तर बाकी ठीक आहे ना? छे हो! ‘दुःख’ हा शब्द घ्या. विसर्गाचा क्रमांक २३०७. पण कळफलकावर तो सापडला नाही, की माणसं सरळ अपूर्णविरामाची दोन टिंबं (५८) देतात. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’. वाचणाऱ्याला दोन्हीचं दुःख सारखंच, संगणकाला नाही. तसाच ‘ॲ’. या अक्षराला २००८ साली युनिकोडमध्ये २४१८ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत, आणि अजूनही कित्येक कळफलक तसंच करतात. ही जोडीसुद्धा नॉर्मलाइजला जुळवता येत नाही. शब्दाच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागा तर सगळ्यांत चोर. ‘चिपळूण’ आणि पुढे एक स्पेस असलेलं ‘चिपळूण’ ही संगणकाच्या लेखी दोन गावं!

हे फक्त आपल्या भाषेचं दुखणं आहे असं समजू नका. इंग्रजीत कॅपिटल ए ६५ आणि छोटा ए ९७, म्हणून तिथे तुलना करायच्या आधी सगळं छोट्या लिपीत करून घेतात. पण तुर्की भाषेत टिंब असलेला आय आणि टिंब नसलेला आय ही दोन निराळी अक्षरं आहेत. दोघांची कॅपिटल रूपंही निराळी, एकावर टिंब असतं, दुसऱ्यावर नसतं. त्यामुळे इंग्रजीच्या नियमाने छोटं केलेलं तुर्की नाव भलतंच होऊन बसतं. प्रत्येक भाषेला आपापली पापणी असते म्हणा ना.

सारखं की वेगळं, एवढ्यावर हे भागत नाही. आधी कोण आणि नंतर कोण, हीसुद्धा तुलनाच. माल, माशी, मासा, माहेर, माळ हे शब्द वर्णमालेच्या क्रमाने लावायचे, तर असेच लागतात, कारण आपण शाळेत ‘श, ष, स, ह, ळ’ असं म्हणतो. पण युनिकोडच्या कोष्टकात ‘ळ’ बसला आहे ‘ल’च्या मांडीला मांडी लावून. ल २३५४, ळ २३५५. हा क्रम भारत सरकारच्या ‘इस्की’ या आधीच्या प्रमाणकातून आला. ते सगळ्या भारतीय लिप्यांना एका साच्यात बसवण्यासाठी केलं होतं. त्यामुळे नुसते आकडे बघून क्रम लावला, तर ‘माळ’ उडी मारून ‘माशी’च्या आधी येते. ‘क्षण’ आणि ‘ज्ञान’ शेवटी यायच्या ऐवजी ‘क’ आणि ‘ज’च्या घरात शिरतात. म्हणून मराठीसाठी क्रमाचे वेगळे नियम लिहून ठेवले आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ते आठवणीने मागून घ्यायचे असतात. संगणक आपण होऊन देत नाही. आकड्यांचंही तसंच. ‘१०’ आणि ‘९’ शब्द म्हणून ताडले, तर १० आधी लागतो, कारण पहिला मणी १ हा ९ पेक्षा लहान. मग वर्गाच्या यादीत दहावा नंबर नवव्याच्या पुढे जाऊन उभा!

आता सगळ्यांत अवघड भाग, आणि तो आमच्याच गावाच्या नावात दडलेला आहे. आमच्या त्या नववीतल्या मुलाने गावावर निबंध लिहिला होता. त्यात परशुरामाचं देऊळ, गोवळकोट, १८६४ साली स्थापन झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, २२ जुलै २०२१ चा महापूर आणि त्यात भिजलेली वाचन मंदिराची पुस्तकं, सगळं होतं. निबंधात गावाचं नाव किती वेळा आलं, ते त्याने प्रोग्रॅमने मोजलं. उत्तर आलं फक्त चार. हाताने मोजलं तर कितीतरी जास्त. का बरं? तर ‘चिपळूण’मधला ळू दीर्घ. पण प्रत्यय लागला, की आपण ‘चिपळुणात’, ‘चिपळुणास’ असा ऱ्हस्व करतो. व्याकरणाने बरोबर, पण संगणकाचा मणी चुकला. निबंधमाला १८७४ साली सुरू करणारे विष्णुशास्त्री, त्यांचं आडनाव आमच्या गावावरूनच आलेलं. तेही कुठे ‘चिपळूणकर’, कुठे ‘चिपळुणकर’ असं छापलेलं सापडतं.

मुलगा म्हणाला, “मग नुसतं ‘चिपळ’ शोधतो, म्हणजे दोन्ही सापडतील.” सापडली खरी. पण त्याबरोबर निबंधातल्या कीर्तनकारबुवांच्या ‘चिपळ्या’ही गावात मोजल्या गेल्या!

“मग ऱ्हस्व-दीर्घ एकच धरू या,” ताई म्हणाली. शोधायला ते बरं. पण मग ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील, ‘सुत’ आणि ‘सूत’ एक होतील. कुणाचा मुलगा आणि कुणाचा दोरा! व्लादिमिर लेव्हेन्श्टाइन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९६५ साली दोन माळांमधलं ‘अंतर’ मोजायची रीत मांडली. एका माळेची दुसरी करायला किमान किती मणी बदलावे, घालावे किंवा काढावे लागतात, ते मोजायचं. त्या मापाने ‘चिपळूण’ आणि ‘चिपळुण’ यांच्यातलं अंतर एक. आणि ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांच्यातलं? तेही एकच! पहिल्या जोडीत गाव तेच राहतं, दुसरीत डोंगराचा समुद्र होतो. अंतर मोजता आलं, म्हणून अर्थ कळला असं होत नाही.

तेव्हा ‘हे दोन शब्द सारखे आहेत का?’ असा प्रश्न नुसता विचारताच येत नाही. कशासाठी विचारतो आहोत, हे आधी सांगावं लागतं. पासवर्ड असेल तर एकही मणी इकडचा तिकडे चालणार नाही, नाहीतर तुमच्या कुलपाला शेजाऱ्याची किल्ली लागेल. पुस्तक शोधत असाल तर सैल हाताने शोधा. ‘हरि नारायण आपटे’, ‘हरी नारायण आपटे’ आणि ‘ह. ना. आपटे’ या तिघांच्याही पुस्तकांवर एकच लेखक दिसला पाहिजे. आणि माणसाचं नाव असेल तर? तिथे सैल शोधावं, पण सापडलेलं दाखवून माणसालाच विचारावं, ‘हे तुम्हीच का?’ ‘नाव सापडले नाही’ असं सांगून दार लावून घेऊ नये. ताईच्या प्रोग्रॅममध्ये आता तसंच लिहिलं आहे. अगदी जुळणारं नाव नसेल, तर तो जवळची नावं दाखवतो आणि विचारतो.

तुम्हांला हे घरी करून बघायचं असेल तर आधी वहीत स्वतःचं पूर्ण नाव लिहा. मग ते तुमच्या फोनवर, आईच्या फोनवर आणि शाळेतल्या संगणकावर टाइप करा. प्रत्येकाचे क्रमांक ‘ऑर्ड’ने काढून वहीत एकाखाली एक मांडा. नावात ऱ्य, ऱ्ह, ॲ किंवा विसर्ग असेल तर तुमची मजाच मजा! नसेल तर शेजारीपाजारी शोधा. ज्यांच्या नावात हे आहे, अशा कुणाचं तरी नाव कुठल्या तरी यादीत ‘सापडत नाही’ असं ऐकलंत, तर ‘राहू दे’ म्हणू नका. यादी उघडा आणि आमच्या सहावीतल्या गड्यासारखं पान नि पान डोळ्यांनी बघा. तो हल्ली ऑर्डही शिकला आहे, पण अजूनही यादी आली, की आधी डोळ्यांनीच वाचतो.